परगावचा कोण, परदेशी कोण?

खोपोलीच्या कारखान्यावर जा, कर्जतच्या नाक्यावर जा, नाहीतर नेरळला नव्या इमारतीचे काम चालले आहे तेथे जा. मराठी न बोलणारे मजूर दिसतात. कोणी बिहारचा, कोणी ओडिशाचा, कोणी बंगालचा. मग गावात बोलणे निघते, "हे बाहेरचे आले नि आमचा रोजगार गेला." दुसरा म्हणतो, "यातले निम्मे बांगलादेशी असतील." निवडणूक आली की पुढारीही हाच विषय घेतात. तेव्हा ही भानगड आहे तरी काय, ती आपण नीट समजून घेऊ.

बिहारचा मजूर परगावचा आहे, परदेशी नाही. भारताच्या नागरिकाला देशात कोठेही जावे, राहावे, कामधंदा करावा, असा हक्क आपल्या राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने दिला आहे. आपणही तो वापरतो. दिवाळी सरली की आपल्या वाड्यांतली कातकरी मंडळी मुलेबाळे घेऊन विटभट्टीवर जातात. कोणी कोळसा पाडायला पार कर्नाटकात जातात. तिथल्या लोकांना आपणच बाहेरचे वाटत असू!

परदेशी म्हणजे दुसऱ्या देशाचा नागरिक. तो पासपोर्ट आणि व्हिसा घेऊन आला तर कायद्याने आला. पासपोर्ट म्हणजे त्याच्या देशाने दिलेला ओळखीचा कागद. व्हिसा म्हणजे आपल्या देशाने त्याला दिलेली परवानगी. हे कागद नसताना जो चोरवाटेने सीमा ओलांडतो, किंवा मुदत संपली तरी परत जात नाही, तो बेकायदा राहिला असे म्हणतात.

आणखी एक माणूस असतो, निर्वासित. घरदार सोडून जीव वाचवायला आलेला. आपली उल्हास नदी कर्जतवरून बदलापूर, कल्याणकडे जाते. त्या नदीच्या नावाचे उल्हासनगर ठाऊक आहे ना? १९४७ साली देशाची फाळणी झाली. सिंधमधले हजारो लोक पाकिस्तानातून निघाले आणि कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरले. १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. असे आलेल्यांना आपले कसे मानायचे, याचे नियम राज्यघटनेतच घातले होते. त्यांना कोणी चोर म्हटले नाही.

आता बांगलादेशाचे पाहू. त्याची आणि आपली सीमा ४,०९६ किलोमीटर लांब आहे. मधे नद्या आहेत, भातखाचरे आहेत, कित्येक ठिकाणी कुंपणच नाही. अलीकडे बंगाली बोलतात, पलीकडेही बंगाली बोलतात. १९७१ साली तिथे युद्ध पेटले तेव्हा सुमारे एक कोटी लोक भारतात आले. युद्ध संपल्यावर बहुतेक परत गेले. पण पोटासाठी चोरून येणे त्याआधीही होते आणि नंतरही चालू राहिले.

याचा सर्वांत मोठा भार आसामवर पडला. आपली जमीन, आपली भाषा, आपले मत दुसऱ्याच्या हाती जाईल, अशी भीती तिथल्या लोकांना वाटली. १९७९ ते १९८५ तिथे मोठे आंदोलन झाले. १९८५ साली करार झाला. २४ मार्च १९७१ नंतर जे आले त्यांना शोधून परत पाठवायचे, असे ठरले. ती भीती खोटी होती, असे आम्ही म्हणणार नाही. लहान राज्यात माणसांची गर्दी वाढली की जुन्या रहिवाशाला धास्ती वाटणारच. पुढे तिथे प्रत्येकाचे कागद तपासले. ३१ ऑगस्ट २०१९ ला यादी निघाली, तेव्हा सुमारे १९ लाख लोकांची नावे तीत नव्हती. त्यांत हिंदूही होते, मुसलमानही होते. एकाच घरात बापाचे नाव आले आणि मुलाचे आले नाही, असेही झाले.

रोजगाराचे काय? ज्याच्याजवळ कागद नाही त्याला ठेकेदार कमी मजुरी देतो. तो कोणाकडे तक्रार करणार? पोलिसाचे नाव काढले की तोच घाबरतो. मग ठेकेदार आपल्या माणसालाही सांगतो, "परवडत असंल तर ये, नाहीतर हा आहेच." असा सगळ्यांचाच भाव पडतो. आमच्या मते सीमेवर पहारा हवाच. पण किमान वेतन न देणाऱ्या ठेकेदारालाही धरले पाहिजे. नफा त्याच्या खिशात जातो आणि भांडण मात्र दोन उपाशी माणसांत लागते.

आपले लोकही दुसऱ्या देशात असे चोरून जातात बरे! ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेने १०४ भारतीयांना लष्करी विमानात बसवून अमृतसरला आणून सोडले. प्रवासात त्यांच्या हातापायांत बेड्या होत्या. त्यांत महाराष्ट्राचेही तिघे होते. दलालाने लाखो रुपये घेऊन कितीतरी जणांना त्या वाटेला लावले होते.

आता कायद्याकडे वळू, कारण येथे आपला संबंध येतो. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी लोकांविषयी नवा कायदा लागू झाला. पासपोर्ट-व्हिसा नसताना येणाऱ्या परदेशी माणसाला पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. चोरीच्या खटल्यात सरकारला चोरी सिद्ध करावी लागते. इथे उलटे आहे. आपण परदेशी नाही, हे ज्याच्यावर संशय आला त्यानेच सिद्ध करायचे. १९४६ च्या जुन्या कायद्यातही हेच होते.

आणि सिद्ध कशाने करणार? आधार कार्ड नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. आधारच्या कायद्यातच तसे लिहिले आहे. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई-ठाण्याकडे काम करणारे पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशी समजून पकडले आणि सीमेपलीकडे ढकलले. ते होते भारताचेच. त्यांच्या राज्याने धावाधाव केली, तेव्हा परत आले. म्हणून बोलीवरून, कपड्यावरून माणूस ओळखू नये. संशय आला तर पोलिसांना कळवावे. जमावाने कोणाला अडवू नये, अंगावर हात टाकू नये.

"आमचे बापजादे इथंच मेले, आम्हाला परके कोण म्हणंल?" असे वाडीवरचे म्हातारे म्हणतात. खरे आहे. पण कागद म्हाताऱ्याचे ऐकत नाही. मालेगावात उशिराचे जन्मदाखले बांगलादेशींना दिले, असा बोभाटा झाला. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने अशा दाखल्यांची चौकशी लावली आणि नियम कडक केले. नियम सगळ्या राज्याला सारखा. त्याचा काच भट्टीवर जन्मलेल्या कातकरी पोरालाही बसतो. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा नंतर जे मूल जन्मले, त्याला शाळेत घालताना, मतदार यादीत नाव लावताना जन्माचाच दाखला मागतात.

म्हणून कामाचे सांगतो. जन्माची नोंद जेथे मूल जन्मले तेथेच होते. आपल्या गावच्या पंचायतीत नव्हे. मूल भट्टीवर झाले तर त्या गावच्या ग्रामपंचायतीत जायचे. २१ दिवसांत नोंद केली तर पैसा लागत नाही. वर्ष उलटले तर तहसील कचेरीकडून हुकूम आणावा लागतो, आणि ते काम आता सोपे राहिलेले नाही. आईबापांची नावे आधार कार्डावर आहेत तशीच दाखल्यावर लिहून घ्यावी. एकीकडे काळू आणि एकीकडे काळूराम, असे नको. बाळंतपण दवाखान्यात झाले तर नोंदीसाठी दवाखानाच कळवतो, पण दाखला आपण मागून घ्यावा. वाडीवर आशाताई, अंगणवाडीताई आहेत, त्यांना निघण्याआधी सांगून ठेवावे. मुकादम म्हणेल, "काम बुडतंय." अर्धा दिवस बुडू द्यावे आणि दाखला घेऊनच परत यावे.