बँकॉकला चाललात? खुशाल जा!

रजेच्या अर्जावर 'केरळ' लिहिलं तर साहेब निमूट सही करतो. 'बँकॉक' लिहून बघा! साहेबाच्या मिशीखाली हसू फुटतं आणि शेजारच्या टेबलांवरून खोकल्याचे आवाज सुरू होतात. इस्लामपूरकडच्या पोरांचं तर विचारूच नका. पुण्यात आयटीत कितीही नाव काढा, सुट्टीत गावाकडच्या कट्ट्यावर प्रश्न ठरलेला, "काय राव, एकटाच जाणार व्हय?" साखरपट्ट्यात 'अभ्यास दौरा' या शब्दानंच हे शहर बदनाम करून ठेवलंय. मुलीनं मैत्रिणींबरोबर जायचं म्हटलं की घरात दोन दिवस अबोला.

गंमत म्हणजे पेठ नाक्यावरून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून मुंबई गाठायला जेवढा वेळ जातो, त्याहून कमी वेळात मुंबईचं विमान बँकॉकला टेकतं. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. आत समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प; देव एकीकडे, असुर दुसरीकडे. इथं सेल्फी होतोच.

नावाच्या बाबतीत तर इस्लामपूरकरांना हे शहर घरचंच वाटेल. आपल्या गावाचं ईश्वरपूर करायचं २०२५ मध्ये जाहीर झालं, तरी जिभेवरचं जुनं नाव सहजी सुटत नाही. तिकडे उलटं. 'बँकॉक' म्हणतो ते आपण, तिथली माणसं म्हणतात 'क्रुंग थेप', म्हणजे देवांचं नगर. पूर्ण नाव जगातल्या सर्वांत लांब स्थळनामांत गणलं जातं. कान देऊन ऐकलं तर त्यात महानगर, अमर, नवरत्न, राजधानी, महास्थान, विमान, अवतार असे शब्द ओळखीच्या पाहुण्यांसारखे भेटत राहतात. स्कायट्रेनच्या एका स्टेशनाचं नावच मुळी राजदेवी!

१७८२ मध्ये पहिल्या राम राजानं इथं राजधानी वसवली. तिथल्या राजांना राम पहिला, राम दुसरा असंच मोजतात, सध्याचे दहावे. राजवाड्याच्या आवारातल्या पाचूच्या बुद्धाच्या देवळात जा आणि भोवतालच्या ओवरीत सावकाश फिरा. भिंतींवर रामकथेची १७८ चित्रं आहेत. रावण तिथं 'थोत्सकान', आपला दशकंठ. हनुमान मात्र बघून चक्रावाल, कारण त्यांच्या रामायणात तो ब्रह्मचारी नाही, चांगला रंगेल गडी आहे! निम्मे टुरिस्ट या ओवरीतून दहा मिनिटांत बाहेर पडतात. तुम्ही तासभर काढा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर दारातूनच परत. आणि बाहेर कुणी टुकटुकवाला "आज राजवाडा बंद आहे, दुसरीकडे नेतो" म्हणाला, तर हसून पुढं चालायला लागा. ही तिथली जुनी ट्रिक आहे.

वाट फोमधला ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध पाहून होडीनं नदी ओलांडली की समोर वाट अरुण, पहाटेचं देऊळ. गणपतीशिवाय चैन पडत नसेल तर हुआई ख्वांगच्या चौकात बाप्पा आहेत आणि थाई तरुण मंडळी हात जोडून नवस बोलताना दिसतात.

खाण्याचं मात्र जपून. नुसत्या भाजीच्या डिशमध्येही माशांचा सॉस असतो. पक्के शाकाहारी असाल तर 'जे' हा एक शब्द पाठ करा, किंवा पाहुरातची भारतीय वस्ती गाठा.

आता थोडं सिरियस. २०२४ मध्ये थायलंडनं भारतीयांना साठ दिवस व्हिसाशिवाय राहायची मुभा दिली. हे नियम बदलत असतात, निघण्याआधी ताजे बघा. मे २०२५ पासून आगमनाचा ऑनलाइन फॉर्मही भरावा लागतो. पण ही सवलत फिरण्यासाठी आहे, नोकरीसाठी नाही. "बँकॉकमध्ये डेटा एंट्री, लाखभर पगार, तिकीट कंपनीचं" असा मेसेज आपल्या भागातल्या इंजिनिअर पोरांना आला, तर सावध! असल्या नोकरीच्या नावाखाली नेलेली मुलं थेट सीमेपलीकडे म्यानमारमधल्या फसवणुकीच्या अड्ड्यांवर कोंडली गेलीत. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाची विमानं पाठवून पाचशेहून जास्त भारतीयांना परत आणावं लागलं. कट्ट्यावर चर्चा करायचीच तर याची करा. ई-सिगारेटही बॅगेत नको, तिथं बंदी आहे. आणि येताना कुणाचं 'छोटंसं पार्सल' तर अजिबात नको.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते, म्हणजे दिवाळीनंतरचा मुहूर्त उत्तम. एप्रिलात गेलात तर 'सोंगक्रान' मिळेल, म्हणजे त्यांची संक्रांत. तिळगूळ नाही, रस्तोरस्ती पाण्याची धुळवड! उकाडा मात्र सांगली-मिरजेला लाजवेल असा.

घरच्यांसाठी काय आणाल? हत्तीछाप पँट सगळेच आणतात. गोड चिंच आणा. खरोखर गोड असते, मिठाशिवाय खातात. आईला खोटं वाटेल, एक बुटूक तोंडात टाकू द्या.