आकडाही खरा, आण्णाही खरे

काटेवाडीहून एका वाचक ताईंनी विचारलं आहे : "आमच्या आण्णांची पुण्याला बायपास झाली. घरी येऊन तीन आठवडे झाले. टाके भरून आले, जेवण बरं आहे. पण श्वास पुरा होत नाही असं सारखं म्हणतात. मधेच अडखळतो म्हणतात. उताणं झोपलं की पोटातलं काहीतरी वर सरकतंय असं त्यांना वाटतं. बोटाला यंत्र लावलं की 97 दाखवतं. मग आकडा खरा मानायचा की आण्णांचं?"

दोन्ही खरं आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, हा श्वसनविज्ञानातला फार सुंदर प्रश्न आहे. आणि तो आता गावोगावच्या घरांत पडतो. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, पुढे ती महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली आणि बायपास बारामती-इंदापूरच्या वाड्यावस्त्यांवरच्या घरांच्याही आवाक्यात आली. शस्त्रक्रिया शहरात होते आणि माणूस आठवड्या-दहा दिवसांत गावी परततो. श्वासाची ही चमत्कारिक जाणीव नेमकी तिथे, घरच्या खाटेवर सुरू होते. आजूबाजूला विचारायला कुणी नसतं.

सुरुवात 1954 सालच्या एका प्रयोगापासून करतो. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये वॉर्ड फाउलर या संशोधकाने काही जणांना श्वास रोखून धरायला सांगितलं. आता अगदी सहन होत नाही, या टोकाला ते पोचले की त्यांना काही श्वास घेऊ दिले. पण ते मोकळ्या हवेतले नव्हते. दिलेल्या मिश्रणात प्राणवायू जेमतेम 8 टक्के होता आणि कार्बन डायऑक्साइड 7 टक्क्यांहून जास्त. साध्या हवेत हे प्रमाण 21 टक्के आणि 0.04 टक्के असतं. म्हणजे त्या श्वासांनी रक्त सुधारण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही त्या माणसांना लगेच हायसं वाटलं आणि ती पुन्हा श्वास रोखू शकली!

मला हा प्रयोग कितीही वेळा वाचला तरी थक्क करतो. रक्तातली स्थिती बिघडलेलीच होती, मग आराम कशाने मिळाला? छाती हलल्याने, फुफ्फुसं ताणली गेल्याने. मेंदू श्वासाचा हुकूम सोडतो आणि तो किती पाळला गेला याची खबर फुफ्फुसं, बरगड्या आणि श्वासपटल यांच्याकडून घेतो. हुकूम मोठा आणि हालचाल लहान असली की घुसमट जाणवते. रक्तात प्राणवायू पुरेसा असला तरी जाणवते. आण्णांच्या तक्रारीचं मूळ इथे आहे.

बायपासमध्ये छातीचं काय काय होतं ते पाहा. उरोस्थी मधोमध उभी कापतात आणि शेवटी तारेने बांधतात. डाव्या बरगड्यांच्या आतून जाणारी एक धमनी सोडवून हृदयाला जोडतात. या कामात डाव्या फुफ्फुसाचं आवरण पुष्कळदा उघडतं आणि तिथे नंतर काही दिवस पाणी साठू शकतं. हृदय-फुफ्फुस यंत्र वापरलं असेल, तर त्या वेळात फुफ्फुसं जवळजवळ रिकामी पडून असतात. परिणामी डाव्या फुफ्फुसाचा खालचा भाग मिटलेला राहणं ही या शस्त्रक्रियेनंतरची अगदी नेहमीची गोष्ट आहे.

श्वासपटलाला हुकूम पोचवणारा डावा मज्जातंतू तर हृदयाच्या आवरणाला लगटून खाली उतरतो. 1959 मध्ये स्टॅनफर्डच्या नॉर्मन शमवे यांच्या चमूने थांबवलेलं हृदय बाहेरून थंड ठेवण्याची पद्धत मांडली. पुढे अनेक ठिकाणी हृदयाभोवती बर्फाचा चुरा घालू लागले. हृदय वाचलं, पण शेजारचा हा मज्जातंतू कधीकधी गारठून सुन्न पडू लागला. आपल्याकडे बऱ्याच बायपास यंत्राशिवाय, धडधडत्या हृदयावर होतात. तिथे बर्फ नसतो, पण धमनी सोडवताना तंतूला धक्का लागू शकतो. मग श्वासपटलाची डावी बाजू ढिली पडते. बसलेलं असताना फारसं कळत नाही. आडवं झालं की पोटातले अवयव त्या ढिल्या बाजूला वर रेटतात. "पोटातलं काहीतरी वर सरकतंय" हे आण्णांचं वर्णन एखाद्या वैद्यकाच्या पुस्तकात शोभावं इतकं अचूक असू शकतं. छातीचा एक्स-रे आणि सोनोग्राफी यांनी ते तपासता येतं. बहुतेकांचा तंतू काही महिन्यांत, कधी वर्षभराने पूर्ववत होतो.

आता बोटाच्या यंत्राबद्दल. नाडीच्या ठोक्यागणिक बदलणाऱ्या प्रकाशावरून प्राणवायू मोजण्याची युक्ती 1974 मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी मांडली. करोनाकाळात हे यंत्र आपल्या घराघरांत पोचलं, पण आओयागींचं नाव पोचलं नाही याची मला फार खंत वाटते. यंत्र सांगतं ते एवढंच, की हिमोग्लोबिनचा किती टक्के भाग प्राणवायूने भरला आहे. मुळात हिमोग्लोबिन किती आहे, ते त्याला ठाऊक नसतं. शस्त्रक्रियेनंतर ते पुष्कळदा उतरलेलं असतं. अशा माणसाला जिना चढताना धाप लागते आणि यंत्र मात्र 98 दाखवतं. छातीला हलायला किती कष्ट पडताहेत, हेही ते सांगत नाही. म्हणून 97 आकडा दाखवून "तुम्हाला उगीच वाटतंय" असं रुग्णाला म्हणणं अशास्त्रीय आहे.

अडखळणाऱ्या श्वासाची गोष्ट आणखी रंजक आहे. तुम्ही-आम्ही सगळे दर पाचेक मिनिटांनी नकळत एक उसासा सोडतो. दुःख असो वा नसो. साध्या श्वासाच्या दुपटीएवढी हवा त्यात आत जाते. गरज काय त्याची? आपल्या फुफ्फुसांत सुमारे 48 कोटी वायुकोश असतात, आतून ओलसर. बाजारातली पातळ पिशवी ओली झाली की तिच्या दोन बाजू एकमेकींना चिकटतात, तसे यातले काही सतत मिटत असतात. लहान श्वासांनी ते उघडत नाहीत, एक मोठा ताण लागतो. उसासा म्हणजे तो ताण.

1963 मध्ये बेंडिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टनमध्ये दाखवलं, की भूल दिलेल्या रुग्णाला एकसारख्या मापाचे श्वास देत राहिलं तर रक्तातला प्राणवायू हळूहळू घसरतो. अधूनमधून फुफ्फुसं पूर्ण फुगवली की तो पुन्हा चढतो. 2016 मध्ये जॅक फेल्डमन आणि मार्क क्रॅस्नो यांच्या गटांनी उंदरांच्या मेंदूत सुमारे 200 पेशी शोधल्या, ज्या साध्या श्वासाचं उसाशात रूपांतर घडवतात. मेंदूतला श्वासाची लय धरणारा भाग फेल्डमन यांनीच पूर्वी ओळखला होता. त्याला प्री-बॉट्झिंगर म्हणतात, कारण शेजारच्या भागाला जर्मनीतल्या एका परिषदेत टेबलावर असलेल्या वाइनच्या बाटलीवरून बॉट्झिंगर हे नाव मिळालं होतं.

शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामकांची गुंगी आणि छातीचं दुखणं यांमुळे उसासे दबतात. रुग्ण भीत भीत, वरच्यावर श्वास घेतो. मग अचानक मेंदू मोठा श्वास मागतो, छाती निम्म्यावर अडते, दुखतं आणि तो श्वास तुटतो. आण्णांना "अडखळतो" वाटतो तो पुष्कळदा हाच अर्धवट राहिलेला उसासा. कधी मात्र नाडीच अनियमित झालेली असते. बायपासनंतर शंभरात वीस ते चाळीस जणांना पहिल्या काही दिवसांत असं होतं. म्हणून श्वास अडखळला की मनगटावरची नाडी एक मिनिट मोजून पाहावी.

या उसाशाचं औषध करणाऱ्या माणसाचं नाव रॉबर्ट बार्टलेट. अत्यवस्थ रुग्णाचं रक्त शरीराबाहेर फिरवून त्यात प्राणवायू भरणारं एक्मो यंत्र त्यांच्यामुळे रुळलं आणि जग त्यांना त्यासाठी ओळखतं. मला त्यांचं आधीचं काम जास्त लोभस वाटतं. 1970 च्या सुमारास त्यांनी चक्क जांभईचा अभ्यास केला. जांभईत माणूस फुफ्फुसं काठोकाठ भरतो आणि क्षणभर तशीच धरतो. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांकडून तेच करून घ्यावं, या विचारातून त्यांनी रुग्णाला स्वतःचा श्वास डोळ्यांनी दिसेल असं साधन तयार केलं. आज डिस्चार्जच्या पिशवीत तीन चेंडूंचं जे प्लास्टिकचं खेळणं येतं, ते याच कल्पनेचं स्वस्त वंशज.

पण या वंशजात एक खोट आहे. त्यावर 600, 900, 1200 असे आकडे छापलेले असतात. ते हवेचा वेग दाखवतात, किती हवा आत गेली ते दाखवत नाहीत. एक जोरदार छोटा झटका दिला तरी तिन्ही चेंडू वर उडतात आणि घरचे टाळ्या वाजवतात. मिटलेले वायुकोश मिटलेलेच राहतात. खरा व्यायाम असा : ताठ बसावं, छातीवर उशी कवटाळावी, श्वास सावकाश आत घ्यावा, चेंडू शक्य तितका वेळ वर तरंगत ठेवावा, दोन-तीन क्षण थांबावं आणि हलकेच सोडावं. दिवसातून एकदा पन्नास करण्यापेक्षा जागेपणी दर तासाला आठ-दहा चांगले. इथे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे, की बायपासच्या रुग्णांवरच्या चाचण्यांचा कॉक्रन संस्थेने 2012 मध्ये घेतलेला आढावा या साधनाच्या बाजूने ठोस पुरावा देऊ शकला नाही. दिलं आणि विसरलं, अशा साधनाचा उपयोग होत नाही. ते खरोखर वापरलं जातंय का, हे कुणीतरी पाहावं लागतं.

"मग प्राणायाम?" हा पुढचा प्रश्न येणारच. त्यासाठी आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या एका संशोधकाची आठवण करून देतो. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगक्रिया प्रयोगशाळेत नेल्या. शरीरातला दाब मोजला, एक्स-रे काढले, प्राणायामात प्राणवायू किती शोषला जातो याचीही मापं घेतली आणि सगळं 'योगमीमांसा' या नियतकालिकातून छापलं. परंपरेवर नितांत श्रद्धा असलेल्या माणसाने तिला मोजपट्टी लावली. प्राणायामाने प्रत्येक रोग बरा होतो असं छातीठोक सांगणाऱ्यांनी या माणसाचं नाव घेण्याआधी त्याची पद्धत घ्यावी. बायपासनंतर संथ, खोल श्वास उत्तम. पोटाला झटके देणारी कपालभाती आणि जोर लावून केलेला कुंभक मात्र उरोस्थी जुळेपर्यंत नको. त्यानंतरही शल्यविशारदाला विचारूनच. हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि पुरतं पक्कं व्हायला तीन महिने. तोवर घागर, खताचं पोतं आणि मोटरसायकलची किक यांपासून लांब राहावं.

सगळ्यांत भरवशाचा श्वसनव्यायाम म्हणजे चालणं. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरला जाताना ज्या गावात धोतरांच्या पायघड्यांवरून येते आणि जिथे मेंढ्यांचं रिंगण होतं, त्या काटेवाडीला चालण्याची थोरवी मी काय सांगणार? चालताना श्वास आपोआप खोल होतो, आठवण ठेवावी लागत नाही. पहिल्या आठवड्यात अंगणात पाच मिनिटं, मग रोज थोडी वाढ. चालता चालता बोलता आलं पाहिजे, एवढीच कसोटी.

मात्र काही खुणा दिसल्या तर वाट पाहू नये. दम रोज कमी होण्याऐवजी वाढतोय, रात्री उठून बसावं लागतंय, पायांवर सूज आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं, एकच पोटरी सुजून दुखतेय, ताप आणि खोल श्वासाबरोबर छातीत कळ, उरोस्थीत कटकट किंवा जखमेतून पाणी, बोटावरचा आकडा 92 च्या खाली. यातलं एकही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. आण्णांना आडवं झाल्यावर होणारा त्रासही अंगावर काढू नये. तो श्वासपटलाचा आहे की हृदयाचा, हे तपासूनच ठरतं.

ताईंच्या प्रश्नाने मला आणखी एक गोष्ट लिहावीशी वाटते. 2006 मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या हुल्झेबोस आणि सहकाऱ्यांनी बायपासची वाट पाहणाऱ्या, फुफ्फुसांचा धोका जास्त असलेल्या 279 रुग्णांवर एक चाचणी केली. निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधीपासून रोज वीस मिनिटं श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम दिला. नंतर फुफ्फुसांच्या गुंतागुंती झाल्या त्या व्यायाम केलेल्यांपैकी 18 टक्क्यांना आणि न केलेल्यांपैकी 35 टक्क्यांना. जवळजवळ निम्म्या! आपल्याकडे अँजिओग्राफी झाल्यापासून बायपासची तारीख मिळेपर्यंत अनेकांचे दिवस कागदपत्रं, मंजुरी आणि पैशांच्या जुळवाजुळवीत जातात. तातडीची नसलेली प्रत्येक शस्त्रक्रिया ठरताच त्याच दिवशी रुग्णाला श्वासाचा व्यायाम शिकवायला हवा. तो गावात नीट चाललाय का हे पाहायला आरोग्य उपकेंद्रं आहेत, बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. यासाठी नवं यंत्र लागत नाही, शिकवणारा माणूस लागतो. योजनेच्या खर्चात त्या माणसाचा समावेश व्हावा, ही मागणी रुग्णांच्या घरच्यांनी आणि आपण सगळ्यांनी लावून धरली पाहिजे.