पोलादातले पाणी

अफझलगंज म्हटले की आपणा हैदराबादकरांच्या डोळ्यांपुढे ठरावीक गोष्टी उभ्या राहतात. उस्मानिया रुग्णालयाचे घुमट, आसफिया ग्रंथालय, मुसीवरचा नया पूल, आणि १९०८ च्या महापुरात दीडशेच्या आसपास माणसांना आपल्या फांद्यांवर तगवून धरणारे ते चिंचेचे झाड. पाचवे निजाम अफझलउद्दौला यांच्या नावाने वसलेला हा गंज मुळात धान्याच्या व्यापाऱ्यांचा. लोखंडासाठी म्हणून येथे कोणी मुद्दाम येत नाही. तथापि गेल्या उन्हाळ्यातले सलग सात रविवार मी याच भागातल्या, नदीकडे उतरणाऱ्या एका अरुंद गल्लीत, लोहाराच्या भट्टीपाशी बसून काढले. त्याची ही हकीकत.

कामगिरी माझी नव्हे, आमच्या पुतण्याची. तो शहराच्या पश्चिमेकडे संगणकाच्या कचेरीत काम करतो. दिवसभर पडद्याकडे पाहून डोळे शिणले की या पिढीला हाताने काहीतरी करावेसे वाटू लागते. त्याने मनात घेतले की, काकूला स्वयंपाकघरासाठी एक सुरी स्वतः घडवून द्यावी. आणि तीही साधी नव्हे, तर जिच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटलेली असते, जगात जिला दमास्कसचे पोलाद म्हणतात, तशी. मी निवृत्त माणूस. “काका, तुम्ही नुसते बरोबर चला, तुम्हांला जुन्या लोकांशी बोलता येते,” असे म्हणून त्याने मला ओढून नेले.

ज्यांच्या भट्टीवर हे घडले त्यांना आपले नाव छापलेले नको आहे, म्हणून मी त्यांना आचारी एवढेच म्हणतो. महाराष्ट्रातल्या पाहुण्याला आचारी या शब्दाने पंक्तीची भाजी आठवेल. पण तेलंगणात लोहार, सुतार, सोनार या पाचही कारागिरांचा तो मानाचा शब्द आहे. वय सत्तरीच्या पुढे, डोळ्यांच्या कडा धगीने लालसर झालेल्या. भाता गेला, त्याच्या जागी विजेचा पंखा आला, एवढाच काय तो दुकानातला बदल. पहार, कुदळ, कोयता, खाटकाचा सुरा, पाथरवटाची छिन्नी यांना धार लावणे आणि पाणी देणे हा त्यांचा नित्याचा व्यवसाय.

पुतण्याने आपल्या फोनवरची चित्रे दाखविली. आचारींनी ती शांतपणे पाहिली आणि विचारले, “उक्कु का?” तेलुगूत आणि कानडीत उक्कु म्हणजे पोलाद. विशाखापट्टणच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीला उक्कुनगरम् म्हणतात ते यावरूनच. इंग्रजांनी ज्याला वूट्झ म्हटले तो शब्द याच उक्कुचा अपभ्रंश, असे बहुतेक जाणकार मानतात. आपल्या मराठीत पोलाद हा फारसीतून आलेला. पण जुन्या मराठीत त्याला ‘तिखे’ असा अस्सल शब्द होता, तीक्ष्ण वरून आलेला. तो आपण का टाकून दिला कोण जाणे.

येथे थोडे विषयांतर करावे लागेल, कारण या नावामागे मोठा अन्याय दडलेला आहे. दमास्कस हे शहर या पोलादाची जन्मभूमी नव्हे. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने स्वच्छ लिहून ठेवले आहे की, ज्यावर अशी नक्षी उठू शकते ते पोलाद गोवळकोंड्याच्या राज्यातून इराणात येते. लहानशा पावाएवढ्या त्याच्या वड्या असत, त्या कापून पारखल्या जात, आणि एका अर्ध्या वडीतून एक तलवार निघे. तलवारी इराणात व पश्चिम आशियात घडत, नाव दमास्कसचे झाले; पण ते पोलाद आपल्या तेलंगणातल्या मुशीतून उतरलेले असे.

त्यातले सर्वांत नावाजलेले गाव म्हणजे निजामाबाद जिल्ह्यातले कोनासमुद्रम्. निर्मळजवळच्या दिमदुर्तीचे चुंबकीय लोहखनिजही प्रसिद्ध होते. आपल्या नांदेडकडच्या वाचकांना हा मुलूख परका नाही. कित्येकांचे आजोळ निर्मळ-आदिलाबादकडचे आहे. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाबरोबर हिंडणारा भूशास्त्रज्ञ डॉ. व्हॉयसी याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोनासमुद्रम् येथील भट्ट्या प्रत्यक्ष पाहिल्या. त्याचे टिपण त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. दोन ठिकाणचे लोखंड ठरावीक प्रमाणात मुशीत घालत, मूस बंद करून चोवीस तास भाते चालवीत, मग ती सावकाश निवू देत. निघालेली वडी इतकी कठीण आणि ठिसूळ असे की, तिला मातीत लिंपून पुनःपुन्हा बारा-बारा, सोळा-सोळा तास तापवावे, तेव्हा कुठे ती हातोडा सोसण्याजोगी होई. व्हॉयसीला तेथे इस्फहानचा एक व्यापारी भेटला. इराण्यांना ही कृती ठाऊक होती, त्यांनी आपल्या देशात ती करूनही पाहिली होती, आणि त्यांना ती साधली नव्हती! म्हणून तो हजारो मैलांवरून निजामाबादच्या एका खेड्यात येऊन वड्या तोलून घेत होता.

दक्षिणेत इतरत्र हे पोलाद करताना मुशीत तरवडीचे लाकूड घालीत आणि वरून रुईची पाने ठेवीत. कर्ब मिळावा म्हणून ही योजना. तरवड म्हणजे येथला तंगेडू, तोच आज तेलंगण राज्याचे राज्यपुष्प आहे. बतकम्मेच्या दिवसांत शेजारणी ती पिवळी फुले रचतात तेव्हा आता मला पोलाद आठवते.

साहेबालाही याची भूल पडली होती. मुंबईचे डॉ. हेलेनस स्कॉट यांनी १७९४ च्या सुमारास रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे वड्या धाडल्या, १७९५ मध्ये पिअर्सनने त्यांवर निबंध वाचला. लंडनचा शस्त्रकार स्टोडार्ट वूट्झच्या सुऱ्या करू लागला. आणि पुढे विजेच्या शोधांनी अजरामर झालेल्या मायकेल फॅरेडेने तरुणपणी याच स्टोडार्टबरोबर पोलादावर प्रयोग केले. लोहाराच्याच मुलाला हे कोडे सुटू नये, हा दैवाचा खेळ. आता इतके कळले आहे की, या पोलादात कर्ब दीड टक्क्याच्या आसपास, म्हणजे नेहमीच्या पोलादाहून पुष्कळच अधिक असतो. ते पांढरे होईपर्यंत तापवून ठोकले तर भुगा होते. लाल असतानाच, कमी आचेवर, सोशिकपणे ठोकावे लागते. युरोपातले लोहार तेथेच फसत. अमेरिकेतल्या आयोवा राज्य विद्यापीठाचे जॉन व्हर्होव्हेन व लोहारकाम करणारे अल्फ्रेड पेंड्रे यांनी १९९८ साली आणखी एक उलगडा केला. खनिजातून आलेले व्हॅनेडियमसारखे द्रव्य लाख भागांत चार-पाच भाग असले, तरी कर्बयुक्त कण ओळीने जमतात आणि तीच नक्षी होते. म्हणजे विशिष्ट खाणीची माती संपली की विद्याही संपणार. स्वस्त विलायती पोलाद आले, कोळशासाठी रान मिळेना, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत या भट्ट्या विझल्या. कोनासमुद्रमच्या शिवारात नांगराला अजून मुशींची खापरे लागतात.

असो. आमच्या सुरीकडे वळू.

मी पुतण्याला सांगितले की, तू करणार ते दमास्कस खरे दमास्कस नव्हे. आज बाजारात त्या नावाने जे विकतात ते दोन जातींच्या पोलादांच्या पट्ट्या एकावर एक रचून, तापवून, ठोकून एकजीव केलेले असते. ही रीतही जुनी आहे, पण निराळी. अमेरिकेत बिल मोरान नावाच्या कारागिराने १९७३ साली अशा सुऱ्या प्रदर्शनात मांडल्या तेव्हापासून तिला नवा बहर आला. खऱ्या उक्कुत नक्षी धातूच्या पोटातून आपोआप उमलते. या रीतीत ती माणूस घालतो. पुतण्या थोडा हिरमुसला. आचारी म्हणाले, “वह तो हमारे बाप ने भी नहीं देखा. यह होता, करेंगे.”

साहित्य जमविले ते सारे भंगाराचे. जुन्या कानशी, कारण चांगल्या कानशीत कर्ब भरपूर. आणि लाकडाच्या वखारीतली पट्टाकरवतीची मोडकी पाती, कारण त्यांत निकेल असते. शेवटी आम्लात बुडविल्यावर निकेलाचा थर चकाकत राहतो आणि कानशीचा काळवंडतो. चार कानशी, चार करवतपट्ट्या, आड-एक रचून आठ थर. एका टोकाला तारेने आवळून, दांडा जोडून तो गठ्ठा भट्टीत सरकविला. लाल झाला की त्यावर टाकणखार भुरभुरायचा. तो वितळून काचेसारखा पसरतो आणि हवेला आत शिरू देत नाही. मग पिवळा-पांढरा होईस्तो धग. मग ऐरणीवर.

येथे पुतण्याने तरुणाचे बळ दाखविले. घण असा आदळला की टाकणखाराचे तप्त थेंब माझ्या धोतराला भोके पाडून गेले. आचारींनी त्याचा हात धरला. “बाबू, रंग देखके मारो. ताकत नक्को.” ‘नक्को’ हा आपला मराठीच शब्द दखनीत जाऊन बसलेला, तो त्या क्षणी मला फार गोड वाटला. पहिले ठोके हलके हवेत, थर चिकटण्यापुरते, जोर नंतर. आणि भट्टीची खोली अंधारी का, हेही तेव्हा समजले. मी तिला दारिद्र्य समजत होतो. उजेडात तापलेल्या लोखंडाचा खरा रंग दिसत नाही, आणि आचारींपाशी रंगाखेरीज दुसरा उष्णतामापक नाही.

आठ थर लांबवून, तीन तुकडे करून पुन्हा रचले, चोवीस झाले. पुन्हा एकदा, बहात्तर. चार रविवार गेले. पाचव्या रविवारी पाते घासताना धारेपासून दोन बोटांवर केसासारखी काळी रेघ दिसली. आचारींनी नखाने ती चाचपली, पाते ऐरणीच्या कडेवर एकदाच आपटले, आणि थर केळीच्या सोपटासारखे सुटून आले. कारण शोधता सापडले ते माझ्यापाशीच. कानशीचे दाते पुरते घासून टाकायचे काम मला दिले होते. एका कानशीवर मी कंटाळा केला होता. त्या खाचांत खपली राहिली आणि जोड बसला नाही. पुतण्या एक शब्द बोलला नाही. आचारीही बोलले नाहीत; त्यांनी फक्त नवी कानस माझ्या हाती दिली.

दुसऱ्या खेपेस मी ते दाते असे घासले की आरशात तोंड पाहावे. दोन रविवारी होणारे काम आम्ही मधल्या संध्याकाळी जाऊन उरकले. या वेळी आचारींनी गठ्ठ्यावर ठरावीक अंतराने आडव्या खाचा पाडून मग तो सपाट ठोकला, त्यामुळे पात्यावर शिडीच्या पायऱ्या उमटतात. जुन्या तलवारींवरची ‘चाळीस पायऱ्यां’ची नक्षी याच युक्तीची.

मग पाणी. आपण मराठीत पाणीदार माणूस म्हणतो, पाणी उतरले म्हणतो. हे सारे लोहाराच्या घरचे. पाते लाल होऊन लोहचुंबकाला चिकटेनासे झाले की त्याहून किंचित तापवून कोमट गोडेतेलात उभे बुडवायचे. आवाज झाला तर पाते तडकले असे समजावे. आम्ही तिघेही श्वास रोखून होतो. नुसता तेलाचा धूर आला. आता कानस पात्यावरून घसरू लागली, म्हणजे ते काचेसारखे कठीण झाले होते. तो ठिसूळपणा घालवायला आमच्या घरच्या केक भाजायच्या भट्टीत दोनशे अंशांवर दोन तास ठेवले, पाते गव्हाच्या काडीच्या रंगाचे झाले. शेवटी कोठीच्या गुजराती गल्लीतून आणलेले, विद्युत्‌मंडलाच्या पाट्या कोरायचे फेरिक क्लोराइड. पूर्वी हे काम हिराकस करी. पाते बाहेर काढून धुतले आणि बहात्तर थर लाटांसारखे वर आले. उर्दूत या नक्षीला जौहर म्हणतात.

त्याच दिवशी आम्ही आचारींना घेऊन नया पूल ओलांडला आणि सालारजंग संग्रहालयात गेलो. इतक्या जवळ राहून ते आत कधी गेले नव्हते. नूरजहानची फळे कापायची रत्नजडित सुरी त्यांनी पाहिली, मुठीकडे दुर्लक्ष केले, आणि पात्याकडे बराच वेळ वाकून बघत राहिले. शस्त्रांच्या दालनात एका तलवारीपुढे मात्र ते हात जोडून उभे राहिले. पहारेकऱ्याला ते विचित्र वाटले असावे. परत येताना पुलावर म्हणाले की, मुलगा रिक्षा चालवितो, नातू औषधाच्या दुकानात आहे, दसऱ्याला ऐरणीची पूजा केली की पुढे दुकान ठेवायचे की नाही ते बघू. पुतण्याने विचारले, रविवारी तरी मी येऊ का? ते म्हणाले, कोळसा तुझा.

सुरी आमच्या सौ.च्या हाती आली. तिने तिचे कौतुक केले, टोमॅटोची कागदासारखी चकती पाडून दाखविली. आणि दुसऱ्याच दिवशी कैरी चिरून तशीच ओली ठेविली. सकाळी पाते निळे-काळे. असे पोलाद गंजते. चिंच, कैरी, लिंबू यांनी काळवंडते. वापरल्याबरोबर धुऊन, कोरडे पुसून तेलाचे बोट फिरवायचे, हे ज्या भगिनींना जमणार असेल त्यांनीच या फंदात पडावे. आंबटाने आलेला तो काळिमा पुढे पात्याचे थोडेफार रक्षणच करतो, आणि आमच्या सुरीची नक्षी त्याने उलट अधिक खुलली.

पण सौ.चा खरा आक्षेप वेगळाच होता. चाळीस वर्षे विळीवर बसून चिरलेल्या हाताला उभ्याने, लाकडी पाटावर चिरणे रुचेना. ती पुतण्याला म्हणाली, “एवढे केलेस, तर विळीचे पाते का नाही केलेस रे?” उरलेला वीतभर गठ्ठा आचारींपाशीच होता. त्यांना निरोप गेला. परवा ते स्वतः घरी आले, जुन्या विळीची कमान सुतळीने मापली, खवणीचे दाते मोजून घेतले, आणि या रविवारी दोन किलो कोळसा जास्त आणायला सांगून गेले.