घरातील ओल आणि बुरशी

पावसाळ्याचे दोन महिने लोटले की खेड्यातील पुष्कळ घरांत कुबट वास येऊ लागतो. भिंतीच्या पायथ्याशी काळपट ठिपके उमटतात, पेटीतील कपड्यांवर पांढुरकी लव धरते. शाळेच्या कपाटातील पुस्तकेही त्यातून सुटत नाहीत. ‘पावसाळ्यात असे चालायचेच’ असे म्हणून आपण तिकडे दुर्लक्ष करतो. हे दुर्लक्ष प्रसंगी जिवावर बेतते, हे शिक्षकांनी जाणून घेतले पाहिजे.

बुरशी ही ना वनस्पती ना प्राणी. तो सजीवांचा एक निराळाच वर्ग आहे. तिचे डोळ्यांना न दिसणारे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. लाकूड, कागद, कापड, चामडे, धान्य, किंबहुना भिंतीवरील धूळही तिला अन्न म्हणून पुरते. बीजाणू नाहीसे करणे किंवा अन्न तोडणे आपल्या हाती नाही. ओल तोडणे मात्र आहे. ओल टिकली तर एक-दोन दिवसांतही बुरशी मूळ धरू शकते. म्हणून बुरशीशी झगडा म्हणजे ओलीशी झगडा होय.

बुरशीचा अपाय दोन वाटांनी होतो. पहिली वाट श्वासाची. ओलसर, बुरसटलेल्या घरांत राहणाऱ्यांत खोकला, दमा व श्वसनाचे इतर विकार अधिक आढळतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेत नमूद आहे. एखादे मूल पावसाळाभर खोकत असेल, तर त्याच्या घरच्या भिंतींची चौकशी अवश्य करावी.

दुसरी वाट अन्नाची, आणि ती अधिक घातक. मका व भुईमूग यांवर वाढणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करतात. नेहमीच्या शिजवण्या-भाजण्याने ते नष्ट होत नाही. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या भागांत अवकाळी पावसात भिजलेला मका तसाच साठवून खाल्ला गेला; यकृताच्या विकाराने १०६ माणसे दगावली. हेच विष थोडे थोडे पुष्कळ वर्षे पोटात गेल्यास यकृताच्या कर्करोगास कारण होते. बुरसटलेले दाणे वा पेंड जनावरांस घातल्यास विषाचा अंश दुधातही उतरतो.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत. मृग लागण्यापूर्वी कौले चाळून घ्यावीत. पागोळ्यांचे पाणी जोत्याशी मुरू न देता चर काढून दूर न्यावे. कपाटे व धान्याची पोती भिंतीपासून वीतभर दूर, फळ्यांवर ठेवावीत. उघडीप मिळताच दारे-खिडक्या उघडाव्यात व अंथरुणे उन्हात घालावीत. भिंतीवरील बुरशी कोरडी झाडू नये, कारण त्यामुळे बीजाणू उडतात. नाकातोंडास फडके बांधून साबणाच्या पाण्याने ती पुसावी व जागा कोरडी करावी. गळती न थांबवता वर चुना फासल्यास बुरशी पुन्हा डोके वर काढते. धान्य खडखडीत वाळल्याखेरीज कणगीत भरू नये. भाकरीवर बुरशी दिसल्यास तेवढाच भाग काढून उरलेली खाऊ नये. तिचे तंतू आत शिरलेले असतात. शालेय पोषण आहाराच्या साठ्यासही हेच नियम लागू आहेत.

वर्गात एक प्रयोग करून दाखवावा. काचेच्या दोन बरण्या घ्याव्यात. एकीत कडकडीत वाळवलेला व दुसरीत पाणी शिंपडलेला भाकरीचा तुकडा ठेवून झाकणे घट्ट लावावीत. चार-पाच दिवस मुलांनी रोज निरीक्षण करून वहीत नोंद करावी. बरणी उघडू वा हुंगू देऊ नये. शेवटी ओला तुकडा शिक्षकांनी स्वतः पुरून टाकावा. भाकरी एकच, हवा एकच, भेद केवळ ओलीचा, हे मुलांना डोळ्यांनी दिसेल. डोळ्यांनी पाहिलेले मूल घरी जाऊन सांगते. आणि आईवडिलांपर्यंत आरोग्याचा पाठ पोहोचवणारा त्याहून चांगला दूत नाही.