पाणबुड्याचें घड्याळ आणि त्याचा रास्त भाव

मुळा-मुठेच्या पुण्यास समुद्र नाहीं, आणि तारकर्लीस जाऊन बुडी मारणारे पुणेकर थोडेच. तरीही पाणबुड्यांसाठीं बनविलेलें भारी घड्याळ मनगटावर असावें, अशी हौस येथील कित्येक सुशिक्षित कुटुंबांत दिसते. मुलाच्या पहिल्या नोकरीची किंवा वडिलांच्या निवृत्तीची खूण म्हणून तें घेतलें जातें. हौसेला मोल नाहीं असें म्हणतात; पण घड्याळाला तें असतें, आणि पुष्कळदा लाखांच्या घरांत जातें. वर्षानुवर्षें सांचविलेली पुंजी खर्चण्यापूर्वीं ती नक्की कशासाठीं जात आहे, हें गिऱ्हाइकास उमजलें पाहिजे.

पाण्यांत दर दहा मीटर खोलीस दाब सुमारें एका वातावरणानें वाढतो. तो सोसण्यासाठीं या घड्याळाची डबी भक्कम असते. मागचें झांकण व चावी आट्यांनीं घट्ट बसतात आणि सांध्यांत रबरासारख्या कड्या असतात. तबकडीभोंवतीं एक फिरतें कडें असतें. बुडी मारतांना त्यावरील खूण मिनिटकांट्यासमोर आणली, कीं पुढें किती मिनिटें गेलीं हें तत्काळ दिसतें. हें कडें एकाच दिशेनें फिरतें. त्यामुळें चुकून धक्का लागला तरी गेलेला वेळ अधिक दिसेल, कमी कधींच दिसणार नाहीं. पाणबुड्याच्या प्राणांची ही काळजी आहे. आय.एस.ओ. ६४२५ या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार अशा घड्याळाची क्षमता किमान १०० मीटर असावी लागते, आणि लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखालीं त्याची परीक्षा होते. साध्या घड्याळावरील '३० मीटर' या अक्षरांवर विसंबून पोहावयास उतरूं नये. तीं हात धुतांना उडणाऱ्या पाण्यापुरतींच समजावीं.

हा झाला भावांतील कामाचा भाग. दुसरा भाग नांवाचा. १९२६ सालीं रोलेक्सनें 'ऑयस्टर' ही जलबंद डबी आणली. १९५३ सालीं ब्लांपांचें 'फिफ्टी फॅदम्स' व रोलेक्सचें 'सबमरिनर' हीं घड्याळें निघालीं. या परंपरेचें मोल किमतींत धरलेलें असतें. पाणी थोपविण्याचें काम सायको किंवा सिटिझन या जपानी कंपन्यांचीं घड्याळेंही पुष्कळ कमी पैशांत चोख करतात. नांवासाठीं पैसे देण्यांत गैर कांहीं नाहीं. मात्र ते कामाचे समजून देऊं नयेत.

तिसरा भाग सरकारचा. स्विस घड्याळावर आयात-जकात आणि विक्रीवर १८ टक्के वस्तु व सेवा कर बसतो. स्वित्झर्लंडसह चार एफ्टा राष्ट्रांशीं भारतानें केलेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलांत आला असून त्यान्वयें ही जकात टप्प्याटप्प्यानें उतरावयाची आहे. तिचा लाभ भावांत कितपत उतरला, हें विक्रेत्यास अवश्य विचारावें. दहा लाखांहून अधिक किमतीच्या घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेता एक टक्का प्राप्तिकर मुळाशींच वसूल करतो. तो पुढें आपल्या कराच्या हिशेबांत वळता करून घेतां येतो. म्हणून पावती जपून ठेवावी.

जुन्या मालांत खरी कसोटी लागते. फेवर ल्यूबा या स्विस पेढीनें १८६५ सालीं हिंदुस्थानांत व्यापार सुरू केला. १९६८ च्या तिच्या 'बॅथी' घड्याळांत तर ५० मीटरांपर्यंतची खोली दाखविणारा कांटाच होता. अशा नामांकित पेढ्यांचीं जुनीं घड्याळें तबकडी नव्यानें रंगवून, निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून मुंबईच्या बाजारांतून विकलीं जातात. पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारांत किंवा ओळखीच्या माणसाकडे असें घड्याळ दिसलें, आणि डबी झिजलेली पण तबकडी कोरी करकरीत असली, तर हात आंखडता घ्यावा. घड्याळ अस्सल असलें तरी त्यांतील कड्या काळानें कडक झालेल्या असतात. जाणत्या घड्याळजीकडून त्या बदलून दाबाची परीक्षा करविल्याखेरीज तें पाण्यांत नेऊं नये.

हा खर्चही भावांत धरावा. समजा, नवें घड्याळ तीन लाखांस व तसेंच जुनें दोन लाखांस मिळत आहे. जुन्याच्या दुरुस्तीस चाळीस हजार लागले, तर बचत साठ हजारांचीच उरते. हमीपत्र, मूळ पेटी व पावती यांची उणीव तेवढ्यांत भरून निघते काय, हें शांतपणें ठरवावें.

विक्रेत्यानें कितीही घाई केली तरी दोन दिवस थांबावें, दोन दुकानें हिंडावीं, आणि डबीवरील क्रमांक हमीपत्राशीं ताडून पाहावा. दिलेला प्रत्येक रुपया कामाचा, नांवाचा कीं कराचा, हें घरांतल्या माणसांना समजावून सांगतां आलें, म्हणजे तो भाव रास्त समजावा.