ओट्यात बसलेली शेगडी



आपल्या खानदेशात भट्टी म्हटलं की बेकरी आठवते. दिवाळीच्या आधी घरी मळलेलं नानकटाईचं पीठ पत्र्याच्या डब्यात भरून बेकरीत नेऊन भाजून आणण्याची पद्धत आपल्या चांगलीच ओळखीची. परदेशातल्या घरांमध्ये मात्र गॅसवर चालणारी भट्टी, म्हणजे ओव्हन, थेट स्वयंपाकघराच्या भिंतीतच बसवलेला असतो. तो प्रकार आपल्याकडे फारसा आला नाही. आपल्या घरांत आले ते बहुतेक विजेवर चालणारे ओव्हन. पण त्याची धाकटी बहीण मात्र जळगाव-धुळ्याच्या नव्या वसाहतींमध्ये, फ्लॅटमध्ये घरोघर येऊन बसली आहे. ओट्याचा ग्रॅनाइट कापून त्यात पक्की बसवलेली, वर काच असलेली शेगडी. दुकानदार तिला हॉब म्हणतात.

जुनी शेगडी कशी, बिघडली तर काखोटीला मारून दुरुस्तीवाल्याकडे नेता येत होती. त्याने ती उलटी केली की पोटातलं सगळं दिसत असे. ओट्यात बसलेल्या शेगडीचं तसं नाही. ती जागची हलत नाही, तिच्या पोटात काय आहे ते आपण कधी पाहिलेलं नसतं, आणि घरी आलेला माणूस विचारतो, ‘ताई, मॉडेल कुठलं?’ तेव्हा उत्तर नसतं. काचेवर कंपनीचं नाव सोनेरी अक्षरात असतं, पण पार्ट मिळायला तेवढं नाव पुरत नाही. एकाच कंपनीच्या तीन बर्नरच्या दहा शेगड्या असतात आणि एकीची टोपी दुसरीला बसत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, पाटी शोधा. प्रत्येक शेगडीला धातूची किंवा चिकटवलेल्या कागदाची एक छोटी पाटी असते. ओट्यातल्या शेगडीची पाटी बहुधा खालच्या पत्र्यावर असते, म्हणजे खालचा ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून, बॅटरी मारून वर पाहावं लागतं. तिच्यावर मॉडेलचा नंबर असतो, अनुक्रमांक असतो, आयएसआयची खूण असते आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती कोणत्या गॅससाठी बनवली आहे ते लिहिलेलं असतं. मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा. शेगडी नवीन बसवत असाल, तर ती ओट्यात उतरवण्याआधीच फोटो काढा. पाच मिनिटांचं काम आहे, नंतर त्यालाच अर्धा दिवस लागतो.

‘कोणता गॅस’ हा प्रश्न आपल्या भागात मुद्दाम विचारला पाहिजे, आणि त्याला कारण आहे. खानदेशातली हजारो कुटुंबं सुरतेला राहतात. उधना, लिंबायत भागात गेलात तर आपलीच माणसं भेटतील. सुरतेत घरोघर नळाने गॅस येतो. तिथून कुणी गावी परत आलं, किंवा तिथल्या नातेवाइकांनी नवी शेगडी घेतली, की जुनी चांगल्या अवस्थेतली शेगडी गावाकडे येते. दिसायला ती आपल्या शेगडीसारखीच. पण नळाचा गॅस आणि सिलिंडरचा गॅस या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नळाचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका. सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण, हवेपेक्षा जड. सारख्याच आकारमानात सिलिंडरच्या गॅसमध्ये नळाच्या गॅसच्या जवळजवळ अडीचपट उष्णता असते. नीट जळायला नळाच्या गॅसला सुमारे दहापट हवा लागते, तर सिलिंडरच्या गॅसला पंचवीस ते तीसपट.

हा हिशेब शेगडीत सांभाळतं ते जेट. नॉबच्या पुढे, बर्नरच्या नळीच्या तोंडाशी बसवलेला पितळेचा करंगळीच्या पेराएवढा तुकडा, आणि त्याला केसाएवढं भोक. सिलिंडरच्या शेगडीचं भोक लहान, नळाच्या गॅसच्या शेगडीचं मोठं. आता सुरतेची शेगडी धुळ्यात आणून सिलिंडरला जोडली तर काय होईल? मोठ्या भोकातून भरमसाट गॅस येईल, त्याला पुरेल एवढी हवा मिळणार नाही. ज्योत पिवळी, उंच आणि लवलवती होईल, भांडी काळी होतील. काजळी निदान दिसते तरी. अर्धवट जळलेल्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास. खिडकी लावून घेतलेल्या लहान स्वयंपाकघरात डोकं दुखायला लागतं, मळमळतं, आणि आपण पित्त झालं म्हणून गोळी घेतो. पार जीव जाण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

हेच उलटंही घडतं. 2018 मध्ये धुळे आणि नाशिक जिल्ह्यांसाठी नळाच्या गॅसचा परवाना महाराष्ट्र नॅचरल गॅस या कंपनीला मिळाला. ज्या घरात नळ येईल तिथे सिलिंडरची शेगडी तशीच जोडली तर ज्योत मिणमिणती होईल आणि भाकरी पचकी राहील. ते धोक्याचं कमी, वैतागाचं जास्त. दोन्ही वेळा उपाय एकच, जेट बदलून घेणं. ते अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावं, कारण जेटबरोबर हवेची झडपही जुळवावी लागते, आणि काही शेगड्या मुळातच एका गॅससाठी घडवलेल्या असतात. सिलिंडरच्या शेगडीचं भारतीय मानक 4246 क्रमांकाचं आहे आणि नळाच्या गॅसच्या शेगडीसाठी 17153 हे वेगळं मानक आहे. पाटीवर हा आकडा दिसला की अर्धा प्रश्न सुटला.

जेटबद्दल आणखी थोडं, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त अत्याचार त्याच्यावरच होतात. ज्योत बारीक झाली की कुणीतरी शिवणाची सुई किंवा स्टोव्हची पिन घेऊन जेट ‘साफ’ करतं. पितळ मऊ असतं. समजा भोक 0.70 मिलिमीटरचं होतं आणि सुईने ते 0.77 झालं. फरक डोळ्यांना दिसणारही नाही. पण गॅस जातो भोकाच्या क्षेत्रफळातून, आणि ते वाढलं 21 टक्के. म्हणजे ज्योत पिवळी, सिलिंडर लवकर संपणार, आणि दोष देणार वजनात मारणाऱ्याला. जेट चोंदलं असेल तर काढून रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या गरम पाण्यात भिजवून फुंकून घ्यावं, नाहीतर नवंच घ्यावं. वस्तू अगदी स्वस्त आहे. नवं घेताना जुनं बरोबर न्या. बऱ्याच जेटवर बारीक आकडा कोरलेला असतो, तोच मागा. मोठ्या आणि लहान बर्नरचं जेट वेगळं असतं, त्यामुळे दोन्ही काढलेत तर अदलाबदल होऊ देऊ नका.

पुष्कळदा मात्र जेट निर्दोषच असतं. आपलं भरीत त्याला कारण. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याची सर गॅसला नाही, हे मान्य. पण शहरात काड्या कुठून आणणार? म्हणून वांगी शेगडीवर भाजतो, त्यांचा रस बर्नरच्या भोकांत उतरून जळून घट्ट बसतो. बर्नरची टोपी काढून ब्रशने घासली, पूर्ण वाळवली आणि आपल्या खाचेत सरळ बसवली की निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. टोपी तिरकी बसली तर एका बाजूने ज्योत पिवळी दिसते, आणि माणूस बोलावला तर तो टोपी फिरवून व्हिजिट घेऊन जातो.

ओट्यातल्या बऱ्याच शेगड्यांत एक भाग असतो जो जुन्या शेगडीत नव्हता. बर्नरशेजारी उभी, छोट्या खिळ्यासारखी कांडी. ती ज्योतीत तापली की तिच्यात अगदी किंचित वीज तयार होते आणि त्या विजेवर गॅसची झडप उघडी धरली जाते. ज्योत विझली की कांडी निवते, वीज थांबते आणि झडप आपोआप बंद होते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो, कूलरचा झोत स्वयंपाकघरापर्यंत पोचतो आणि मंद आचेवर ठेवलेल्या दुधाखालची ज्योत कधी विझली ते कळत नाही. अशा घरात ही कांडी म्हणजे पहारेकरी आहे.

पण तिची एक खोड असते. पेटवल्यावर नॉब पाच-दहा सेकंद दाबून धरावा लागतो. लगेच सोडला तर शेगडी विझते. कांडीवर काजळी किंवा उतू गेलेल्या दुधाचा थर बसला, किंवा ती ज्योतीपासून बाजूला वाकली, तरी तेच होतं. मग कंटाळून दुरुस्तीवाल्याला सांगितलं जातं की ही कटकट काढून टाका, आणि काही जण ती खरंच काढून देतात. हे मात्र कधीही करू नका. बारीक पॉलिश पेपरने कांडी पुसा, सरळ करा. तरीही चालत नसेल तर पाटीवरचा मॉडेल नंबर सांगून नवी मागवा. फुले मार्केटात किंवा आग्रा रोडवर मिळाली नाही, तर कंपनीच्या सेवा केंद्रातून मागवावी लागते, आठ-दहा दिवस जातात. जाऊ देत, तेवढे दिवस त्या बर्नरला सुट्टी द्या.

काचेबद्दल सांगायचं तर तिचा खरा शत्रू म्हणजे आपलं खापर. मांडे करायला मोठं खापर पालथं घातलं की ज्योतीची धग वर जायच्या ऐवजी कडेने परत काचेवर उतरते, तीही तास-दोन तास. कडक केलेली काचसुद्धा अशा वेळी फुटू शकते, आणि फुटते तेव्हा तिचा चुरा होतो. मांडे अंगणातल्या चुलीवर किंवा वेगळ्या भट्टीवरच करावेत. आणि त्या भट्टीचा, लग्नकार्यात वापरतात तो जास्त दाबाचा रेग्युलेटर चुकूनही घरच्या शेगडीला लावू नये. घरगुती रेग्युलेटर सिलिंडरमधला प्रचंड दाब उतरवून इतका कमी करतो की तो मोटारीच्या चाकातल्या हवेच्या साधारण सत्तराव्या हिश्शाएवढा उरतो. शेगडीचे सगळे जोड तेवढ्याच दाबासाठी बनवलेले असतात.

बसवताना ग्रॅनाइट कापण्याची घाई करू नये. ‘तीन बर्नरचा खड्डा’ असं काही माप नसतं. ज्या मॉडेलची शेगडी आहे तिच्या कागदावरचं कापायचं माप गवंड्याच्या हातात द्यावं. एकदा कापलेला दगड परत भरून येत नाही, आणि दहा वर्षांनी शेगडी बदलायची वेळ आली की त्याच मापाची दुसरी शोधत फिरावं लागतं. म्हणून तो कागद घराच्या खरेदीखताच्या फाइलीत ठेवला तरी चालेल. चिमणी असेल तर शेगडीपासून तिचं अंतर साधारण 26 ते 30 इंच राहू द्यावं.

सिलिंडर नेहमी उभा आणि शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर. तो कपाटात ठेवायचाच असेल तर कपाटाला अगदी तळाशी हवेची भोकं हवीत, कारण हा गॅस जड, गळला तर जमिनीलगत साचतो. नळी आयएसआय खुणेची, आत तारेची जाळी असलेली नारिंगी, दीड मीटरची. तिला जोड देऊ नये, भिंतीतून ओवू नये, पाच वर्षांनी बदलावी. नळीवर बनवल्याचं साल छापलेलं असतं, ते पाहा. सिलिंडरच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्ट्यांवर आतल्या बाजूने एक अक्षर आणि आकडा रंगवलेला असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढे साल. तो त्याच्या पुढच्या चाचणीचा महिना. तो उलटून गेला असेल तर सिलिंडर घेऊ नका, दारातूनच परत करा.

कुठलाही पार्ट बदलला की माणूस जाण्याआधी त्याच्यासमोर साबणाचं पाणी प्रत्येक जोडाला लावून बघा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून गळती पाहणारा दुरुस्तीवाला दिसला तर त्याला तिथेच थांबवा. आणि कधी घरात वास आला, तर नॉब आणि रेग्युलेटर बंद करा, सिलिंडरवर टोपी लावा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं एकही बटण चालू किंवा बंद करू नका. फोन बाहेर अंगणात जाऊन करा. गॅसगळतीसाठी 1906 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.