बुर्खार्ट : दोह्याच्या जुन्या फोटोंखालचे एक जर्मन आडनाव



आखातात नोकरी केलेले आपले बरेच लोक आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांतल्या कोणी कतारचे जुने फोटो पाहिले असतील, तर फोटोखाली ‘हर्मन बुर्खार्ट, 1904’ असे वाचलेही असेल. दोहा शहराचे सर्वांत जुने फोटो म्हणून हेच ओळखले जातात. मी दोह्यात नर्स होते तेव्हा हे नाव माझ्या कानावर आले नव्हते. अलीकडे भाचीने फोनवर ते फोटो पाठवले आणि विचारले, “मावशी, हा माणूस आपल्यातला होता म्हणतात, खरं का? मग आडनाव असं कसं?” तिला फोनवर सांगून पुरेना, म्हणून सविस्तर लिहिते.

माणूस ज्यू होता हे खरे. जन्म बर्लिनचा, 1857 सालचा, व्यापाऱ्याच्या घरातला. तिशीच्या सुमारास वारशाचा पैसा हाती आला तसा त्याने धंदा सोडला, बर्लिनमध्येच अरबी आणि तुर्की शिकला, दमास्कसला बिऱ्हाड केले आणि तिथून फिरत राहिला. 1903 च्या अखेरीस निघून तो बसरा, कुवेत, बहारीन, दोहा, अबुधाबी, दुबई असे करत मस्कतपर्यंत गेला. तेव्हाच्या काचेच्या प्लेटा आणि जड कॅमेरा उंटावर आणि गलबतात वाहून नेणे काय असेल, विचार करा! त्या वेळचे दोहा म्हणजे समुद्रकाठी मातीची घरे आणि मोत्यांसाठी बुड्या मारणारी माणसे. मोती विकायला यायचे आपल्या मुंबईला, आणि तिथे चलन चालायचे आपला रुपया. तेल सापडायला अजून पस्तीस वर्षे होती.

त्याआधी 1901 मध्ये तो येमेनात सना शहरी गेला होता. तिथल्या ज्यू लोकांचे फोटो त्याने काढले आणि त्यांच्यावर लेखही लिहिला. जर्मनीतल्या अनेकांनी येमेनी ज्यू पहिल्यांदा पाहिले ते त्याच्या फोटोंत. त्याच येमेनात डिसेंबर 1909 मध्ये वाटेत लुटारूंनी गोळ्या घालून त्याला मारले. सोबतचा इटालियन अधिकारी बेंझोनी हाही मारला गेला. फोटो बर्लिनच्या संग्रहालयात राहिले, म्हणून आज आपल्याला दिसतात.

आता आडनाव. उच्चार आधी सांगते. जर्मन माणूस मधला आवाज हवा सोडत हलकेच काढतो, आपल्या ‘ख’ आणि ‘श’च्या मधला. मराठीत तो नीट लिहिता येत नाही, म्हणून मी ‘बुर्खार्ट’ लिहिते. इंग्रजी शिकलेले ‘बर्चर्ड’ म्हणतात ते मात्र चूक.

मुळात हे आडनाव नव्हतेच, पाळण्यातले नाव होते. जुन्या जर्मन भाषेत ‘बुर्ग’ म्हणजे गड, आसरा. ‘हार्ट’ म्हणजे कठीण, बळकट. गडासारखा भक्कम, असा मुलगा व्हावा म्हणून ठेवलेले नाव. हजार वर्षांपूर्वी ते फार चालायचे. वुर्ट्सबुर्ग आणि वोर्म्स या शहरांत या नावाचे नामांकित बिशप होऊन गेले, त्यामुळे ते ख्रिस्ती घरांत पसरले. पुढे गावे वाढली, एका गावात चार हान्स झाले, तेव्हा ‘बुर्खार्टचा हान्स’ असे म्हणू लागले आणि बापाचे नाव आडनाव होऊन बसले.

पसरले तशी रूपेही बदलली. दक्षिणेला बुर्कहार्ट. स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात बुर्कहार्ट हे मोठे घराणे. पेट्रा हे खडकातले शहर 1812 मध्ये युरोपला कळवणारा प्रवासी त्यातलाच. (अरबस्तानात फिरलेले हे दोघे सारख्या नावाचे, म्हणून पुस्तकांतही कधी घोटाळा होतो. पेट्रावाला शंभर वर्षे आधीचा आणि ज्यू नव्हे.) उत्तरेला समुद्राच्या बाजूला ते बोर्खार्ट, बोर्खर्ट, बोर्खर्स होते. आपल्या फोटोग्राफरचे रूप हे उत्तरेकडचे, शेवटी ‘डी’ आणि ‘टी’ दोन्ही लावणारे. तो ‘डी’ जुन्या कारकुनांच्या हौसेचा, उच्चारात नाही. म्युलर, श्मिट ही आडनावे जर्मनीत गल्लोगल्ली. ‘बुर्खार्ट’ या नेमक्या स्पेलिंगचे लोक त्यामानाने थोडे. अमेरिकेतले काळ्या लोकांचे पुढारी डु बॉइस यांच्या नावातही मधे ‘बर्गहार्ट’ आहे. त्यांच्या आईच्या पूर्वजाला ज्या डच माणसाने गुलाम म्हणून ठेवले होते, त्याचे ते आडनाव.

मग ज्यू माणसाला हे बिशपचे नाव कसे? जर्मनीतल्या बहुतेक ज्यू लोकांना दोनशे वर्षांपूर्वीपर्यंत कायमचे आडनावच नव्हते. मेंडेलचा मुलगा मोशे, म्हणून मोझेस मेंडेल्सझोन. अमक्याचा मुलगा तमका, एवढ्यावर काम भागे. सरकारला ते चालेना. कर घ्यायचा, सैन्यात भरती करायची, तर माणूस कागदावर सापडला पाहिजे. ऑस्ट्रियात 1787 मध्ये हुकूम निघाला. प्रशियात, म्हणजे बर्लिन ज्या राज्यात होते तिथे, 11 मार्च 1812 चा कायदा आला : नागरिक व्हायचे तर सहा महिन्यांच्या आत आडनाव ठरवून कळवा.

कोणी गावाचे नाव घेतले, कोणी धंद्याचे. आणि काहींनी घरातले हिब्रू नाव मनात धरून त्याच्यासारखे ऐकू येणारे जर्मन नाव लावले. ‘बारूख’ म्हणजे आशीर्वादित. आपल्या प्रत्येक बेराखात येणारा शब्द. जर्मनीकडचे ज्यू त्याला ‘बोरूख’ म्हणत. बोरूख ते बोर्खार्ट किती जवळ आहे बघा. ज्यू घराण्यांत बोर्खार्ट-बुर्खार्ट बहुतेक या वाटेने आले असे आडनावांचे अभ्यासक मानतात. बाहेर जर्मन, आत बारूख.

आपल्याला हे नवे नाही. कोकणात आपल्या पूर्वजांनी काय केले? शमुवेलचा सामाजी झाला, मोशेचा मुसाजी, बिन्यामीनचा बुनाजी, यहेज्केलचा हसाजी. शेजाऱ्याला ऐकायला सोपे आणि घरात मूळ नाव शाबूत. आडनावाबाबत मात्र आपली तऱ्हा वेगळी. आपण गाव लावले : पेणचे पेणकर, दिवे आगरचे दिवेकर, किहीमचे केहिमकर, नवगावचे नवगावकर. अशी आडनावे शंभराहून जास्त आहेत. काहींनी तर ‘कर’ही लावले नाही. कामा हॉस्पिटलच्या डॉ. जेरुशा झिराड, 1966 च्या पद्मश्री, यांचे आडनाव म्हणजे अलिबागजवळचे झिराड गावच. त्यामुळे आपल्या आडनावावरून निदान पूर्वजांचे गाव कळते. बुर्खार्टवरून गाव कळत नाही, धर्मही कळत नाही.

अरबांकडे दोन्ही पद्धती आहेत. बगदादी म्हणजे बगदादकर. आणि कतारच्या राजघराण्याच्या ‘आल थानी’तला ‘आल’ म्हणजे घराणे, म्हणजे थानीचे वंशज. वॉर्डात रोग्याचे नाव लिहिताना त्याचे, बापाचे, आजाचे आणि मग घराण्याचे असे चौघांचे लिहावे लागे. तरी एकाच वेळी तीन मोहम्मद अहमद असायचे, म्हणून औषध देण्यापूर्वी बताक्यावरचा नंबर बघायचा ही शिस्त. केवळ नाव ऐकून गोळी द्यायची नाही. आडनावांचेही तसेच आहे. बुर्खार्टच्या येमेनमधल्या सोबत्याचे, त्याच्या शेवटच्या प्रवासाची हकीकत लिहून ठेवणाऱ्याचे, नाव अहमद अल्-जरादी. ते ऐकून कोणाला झिराड आठवेल! एक अरबी, एक कोकणी. संबंध काही नाही.

बाहेर जर्मन दिसणाऱ्या या नावाचा पुढे उपयोग झाला नाही. नाझी राजवटीला आडनावावरून ज्यू ओळखता येत नव्हते, कारण तेच बुर्खार्ट ख्रिस्ती घरांतही होते. म्हणून 17 ऑगस्ट 1938 चा हुकूम निघाला : ज्यांचे पहिले नाव सरकारी यादीतले ज्यू नाव नाही, त्या प्रत्येक ज्यू पुरुषाने ‘इस्राएल’ आणि स्त्रीने ‘सारा’ हे जादा नाव लावायचे. 1 जानेवारी 1939 पासून सगळ्या कागदांवर. आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘बेने इस्राएल’ म्हणून अभिमानाने सांगतो तो शब्द तिथे ठसा मारायला वापरला गेला. हे मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक बाजूला ठेवले.

त्याच वेळी हाम्बुर्ग बंदरात लूसी बोर्खार्ट नावाची विधवा बाई नवऱ्यामागे टग बोटींची कंपनी चालवत होती. तिने ज्यू मुलांना खलाशीकाम शिकायला आपल्या बोटींवर घेतले, म्हणजे त्यांना देशाबाहेर पडता येईल. 1938 मध्ये ती स्वतः लंडनला निघून गेली. 1969 मध्ये वारली.

नातवंडांकडून हर्मनचे फोटो शोधून घ्यायचे असतील तर स्पेलिंग नीट सांगा : बी, यू, आर, सी, एच, ए, आर, डी, टी. मधे ‘के’ घातला की पेट्रावाला येतो.